जुन्या वस्तूंची वाट : टाकणे आणि सोपविणे

कोंकणीत सोन्याला भांगर म्हणतात. प्राचीन मराठीतही भांगार म्हणजे सोनेच. ज्ञानेश्वरीच्या नित्य वाचकांस हा शब्द अपरिचित नाही. कन्नडात तो बंगार आणि तेलुगूत बंगारम् अशा रूपाने आजही नांदतो. आजच्या मराठीत मात्र भंगार म्हणजे गंजका पत्रा, मोडकी सायकल आणि बुडाला भोक पडलेली बादली. या शब्दांचे मूळ एक की निराळे, हा वाद आम्ही भाषापंडितांकडे सोपवितो. आम्हांस आठवते ती काचीगुड्यातील आमच्या गल्लीतली एक दुपार. रस्त्यावरून 'पात इनुप सामान, रद्दी पेपर' अशी हाक आली आणि आम्ही मुले 'भंगारवाला आला' असे ओरडत घरात धावलो. शेजारच्या तेलुगू बाई गच्चीवर मिरच्या वाळवीत होत्या. त्यांनी हसून विचारले, "बंगारम् घेऊन कोण आला रे?" तो विनोद आम्हांस त्या वेळी कळला नाही. आज तो कळतो, आणि त्यात विनोदापेक्षा अधिक काही होते असे वाटते.

घरातील वस्तू जीर्ण झाल्यावर पुढे तिचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. राजे येतात, लढाया येतात, तहनामे येतात. फुटलेल्या घागरीची वाट कोणी लिहून ठेवीत नाही. परंतु ज्या प्रश्नाने आज आपल्या शहराच्या सीमेवर कचऱ्याचे डोंगर उभे केले, त्याचे उत्तर काही अंशी या न लिहिलेल्या इतिहासातच आहे, अशी आमची समजूत आहे.

काचीगुडा हे मराठी माणसाच्या दृष्टीने केवळ एका उपनगराचे नाव नव्हे. १९१६ साली, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत, येथील घुमटांचे रेल्वेस्थानक बांधले गेले. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गावे घेत येणारी गोदावरी खोऱ्याची अरुंद गाडी मराठवाड्यातील माणसांना राजधानीत आणून सोडी. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांनी या स्थानकाच्या आसपास, सुलतान बाजार, बडी चावडी, बरकतपुरा या टापूत बिऱ्हाडे केली. १९०७ मध्ये निघालेली विवेकवर्धिनी पाठशाळा त्यांना जवळ होती. अशा बिऱ्हाडांत गाडीतून जेवढे आणता येई तेवढेच सामान असे : पितळेचे दोन हंडे, तांब्याचा बंब, एक लोखंडी पेटी, देवांचा संपुष्ट आणि वाकळांचे गाठोडे. वस्तू थोड्या असल्या की त्यांचे चरित्र घरातील प्रत्येकाला पाठ असते.

ते चरित्र कसे असे, ते पाहू. लुगडे नेसून विटले की ते घरात वापरण्याचे जुनेर होई. जुनेर विरले की त्याच्या मऊ भागाची बाळाची दुपटी होत, उरलेल्याचे थर एकावर एक घालून वाकळ शिवली जाई. वाकळ फाटली की पायपुसणे, आणि त्याच्याही चिंध्या झाल्या की त्या चुलीपाशी कढईचे कान धरण्यास उपयोगी पडत. जे कपडे धड होते पण अंगास येईनासे झाले, ते बोहारणीकडे जात. दारात बसून ती प्रत्येक धोतराचा पोत उजेडात धरून पाही आणि पाच वस्त्रांस एक वाटी की सहा वस्त्रांस, यावर आमच्या आजीशी तासभर वाद घाली. पुढे कोठेतरी त्या वस्त्रांना नवा धनी मिळे.

धातूची गोष्ट याहून शिस्तीची होती. पितळेच्या भांड्यास वर्षातून एकदोनदा कल्हई लागे. कल्हईवाला अंगणात भाता मांडी, भांडे तापवून नवसागराची चिमूट टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने आतून चांदीसारखे करून परत देई. भांडे चेपले तर तांबट ठोके मारून सरळ करी. अगदीच निकामी झाले तर ते मोडीत घातले जाई : जुन्याचे वजन करावे, घट वजा करावी, मोडीचा भाव धरावा आणि वरची रक्कम देऊन नवे भांडे घ्यावे. 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग आज आपण माणसांच्या आणि संस्थांच्या बाबतीतही उपेक्षेने वापरतो. परंतु मुळात मोड म्हणजे नाश नव्हता. वितळून पुन्हा घडण्याच्या वाटेवरची ती एक पायरी होती. आमच्या देवघरातील समई अशाच तीन जुन्या भांड्यांच्या मोडीतून आली, असे आजी सांगे.

कोंकणी घरांची रीत निराळी नव्हती. नारळाच्या करवंटीला दांडा बसवून दवलो होई, सोडणाचा काथ्या होई, उरलेली करवंटी बंबात जळे आणि तिची राख भांडी घासण्यास येई. त्या राखेने घासलेल्या भांड्याचे पाणी परसातल्या अळवाला मिळे. या साखळीत 'कचरा' म्हणून वेगळे काढावे असे फारसे काही उरत नसे.

कागदाची कथा तर आमच्या व्यवसायाशीच निगडित आहे. वकिलाच्या हाती जुनी खतपत्रे येतात. काल छापलेले कागद वीस-तीस वर्षांत पिवळे पडून कडांना तुटतात. परंतु मराठवाड्यातील एखाद्या जुन्या इनामाचे मोडी लिपीतील पत्र उलगडले, तर कागद अजून चिवट असतो. त्याचे कारण असे, की तो कागद चिंध्यांपासून केलेला असे. दौलताबादेजवळ कागजीपुरा म्हणून गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा लवाजम्याबरोबर आलेल्या कागदी कारागिरांनी ही वस्ती केली, अशी तेथील परंपरा सांगते. चिंध्या, जुने दोर, रद्दी हे सारे चुन्याच्या पाण्यात कुजवावयाचे, कुटून त्याचा लगदा करावयाचा, हौदातल्या पाण्यात तो मिसळून चाळणीवर अलगद उचलावयाचा, भिंतीवर वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करावयाचा, ही तेथील रीत. तेलंगणातील कोरटला येथेही असाच हातकागद होत असे. म्हणजे आमच्या पणजीच्या लुगड्याची चिंधी फिरत फिरत एखाद्या कारकुनाच्या दप्तरात कागद होऊन बसली असेल आणि तिच्यावर कोणाच्या तरी शेताची हद्द लिहिली गेली असेल. ज्या चिंधीला घरात किंमत उरली नव्हती, तिच्या आधारे आज आम्ही न्यायालयात दावे लढतो.

पुढे १९३८ मध्ये सिरपूर पेपर मिल्स स्थापन झाली, त्या गावाला कागजनगर हेच नाव पडले, आणि बांबूपासून यंत्रावर होणारा कागद स्वस्त झाला. तेव्हा चिंध्यांचा हा मार्ग आटत गेला. जुन्या कागदाचा पुन्हा कागद करण्याची कल्पना मात्र यंत्रयुगालाही नवी नाही. लंडनमध्ये माथायस कूप्स नावाच्या गृहस्थाने १८०० साली छापील कागदावरील शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याचे पेटंट घेतले आणि मोठी गिरणी उभारली. ती काही वर्षांतच दिवाळखोरीत निघाली. युक्ती हाती असणे आणि ती युक्ती चालू राहील अशी व्यवस्था समाजात असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून कळते.

येथे वाचकांस वाटेल की आम्ही गतकाळाचे गोडवे गात आहो. तसे नाही. त्या व्यवस्थेची दुसरी बाजू न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. प्रत्येक जुन्या वस्तूला जाण्याचे एक ठिकाण होते हे खरे; पण ते ठिकाण बहुधा एखाद्या जातीचे घर होते. बोहारीण उंबऱ्याच्या आत येत नसे. तिने पाणी मागितले तर ते वरून ओतले जाई. जे झाडीत, जे मैला वाहत, जे मेलेली जनावरे ओढीत, त्यांची सावलीही चालत नसे. आणि त्यांच्या श्रमांवर ज्यांचे सोवळे उभे होते, ती घरे आपलीच होती. देवळाच्या पायरीशी ज्यांना थांबविले गेले, त्यांत हे लोक होते. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, याला आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा जुन्या काळातून घ्यावयाचे ते एवढेच : वस्तू हातातून हातात जात असे, आणि कोणाच्या हातात जाते हे घराला ठाऊक असे. त्या हातांविषयीची तुच्छता मात्र आपण तेथेच सोडून यावयाची होती. घडले ते उलटच. हातांची ओळख आपण विसरलो आणि तुच्छता तेवढी सांभाळून ठेवली.

हे कसे घडले, यात कायद्याचाही थोडा हात आहे. मुसीच्या उत्तरेकडील चादरघाटच्या वस्तीची नगरपालिका १८८६ पासून स्वतंत्र होती. १९३३ मध्ये ती हैदराबादेच्या नगरपालिकेत विलीन झाली. त्या काळच्या नगरकायद्यांची दृष्टी आरोग्याची होती. पटकी आणि प्लेग यांच्या भयाने ते कायदे लिहिले गेले. घाण नजरेआड व्हावी, वस्तीपासून लांब जावी, हा त्यांचा हेतू. आणि त्या काळी तो योग्यच होता. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात तर नगरपालिकेच्या नोकरांनी गोळा केलेला केरकचरा ही नगरपालिकेची मालमत्ता ठरविलेली आहे. कुंडीत टाकले, की आपला संबंध संपला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात असाच निर्णय दिला : रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशवीवर गृहस्थाला गुप्ततेचा हक्क सांगता येत नाही, पोलिसांनी ती वॉरंटाशिवाय उघडली तरी चालेल. हक्क सुटतो, हे ठीक. पण हक्काबरोबर कर्तव्यही सुटते काय? रस्त्यावरच्या कुंडीने नागरिकाला नेमके तेच शिकविले.

त्यातच वस्तूंची जात बदलली. पितळेच्या जागी जर्मनची भांडी आली, मग स्टेनलेस स्टील आले. कल्हईवाल्याचा भाता विझला. त्यानंतर प्लास्टिक आले. कागद, प्लास्टिक आणि धातूचा वर्ख एकत्र चिकटविलेली वेष्टने आली, जी वेगळी करणे कोणाही कारागिराच्या हातचे नाही. पाऱ्याच्या नळ्या, विजेऱ्या, भ्रमणध्वनी, संगणक आले. या वस्तूंना जुन्या व्यवस्थेत ठिकाण नव्हते, आणि नवे ठिकाण कोणी सांगितले नाही. म्हणून त्या सर्व एकाच काळ्या पिशवीत जाऊ लागल्या, भाजीच्या देठांबरोबर.

अशाच एका पिशवीची हकीकत आम्हांस सांगावयाची आहे, कारण तीत आम्हीच दोषी आहो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी स्वयंपाकघरातील एक काचेची बरणी फुटली. घाई होती. तुकडे गोळा करून आम्ही ते रोजच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि पिशवी दाराबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी कचरा नेणारी बाई आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा तिच्या उजव्या तळव्याला फडके बांधलेले होते. आमच्या पत्नीने विचारले, तेव्हा तिने कोणताही त्रागा केला नाही. एवढेच म्हणाली, "अम्मा, काँच है बोल के बोले होते तो बस था." आम्ही औषधोपचाराचे पैसे देऊ केले, तिने थोडे घेतले, थोडे परत केले. वकिलाच्या घरात, जेथे निष्काळजीपणाने झालेल्या इजेची नुकसानभरपाई यावर दहा ग्रंथ कपाटात आहेत, तेथे हे घडले. त्या बाईने आमच्याकडे मागितली होती ती भरपाई नव्हती. आधी सांगितलेले एक वाक्य होते.

त्या वाक्याकडे येण्यास आपल्या कायद्यालाही बराच काळ लागला. १९७६ मध्ये ५१ क हा अनुच्छेद घटनेत आला आणि पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले गेले. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येणार नाही, असे बजावले. १९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल केली. त्या खटल्यातून समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, आणि २००० साली नागरी घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम झाले. २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वर्ग घरातच वेगळे करावे आणि कचरा वेचणाऱ्याकडे अथवा गोळा करणाऱ्याकडे सोपवावे, असे त्यांत नागरिकाला सांगितले होते. टाकू नये, जाळू नये, पुरू नये, सोपवावे. आमच्या मते त्या सबंध नियमावलीतील सर्वांत महत्त्वाचे क्रियापद हेच आहे. जे टाकले जाते ते जमिनीवर पडते. जे सोपविले जाते त्याला घेणारा माणूस लागतो.

त्या माणसाला नाव आणि मान मिळावा, यासाठी महाराष्ट्रात जे झाले ते हैदराबादेतील आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे. १९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, संघटना उभी राहिली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. डॉ. बाबा आढाव यांचा या कार्यास आधार होता. या नावातच वर्गीकरण आहे : कागद वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा. पुढे पुणे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. उकिरड्यावर वाकलेली बाई दारात येऊन हक्काने कचरा मागू लागली. वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुड्यावर लाल ठिपका काढून द्यावा, म्हणजे आत काय आहे ते घेणारीला कळेल, ही मोहीम त्याच बायकांच्या अनुभवातून आली. आमच्या घरी आलेल्या बाईचे वाक्य आणि हा लाल ठिपका, दोहोंचा अर्थ एकच.

आपल्या शहरात काय झाले? १६ एप्रिल २००७ रोजी बृहत् हैदराबाद महानगरपालिका अस्तित्वात आली. २०१५ साली घरोघरी दोन डबे वाटण्यात आले, ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा. एकूण सुमारे ४४ लाख डबे, आणि ते रिकामे करण्यास छोट्या मोटारगाड्या. आमच्या इमारतीत त्यांतील कित्येक निळे डबे पाणी साठविण्याच्या कामी आले, हे कबूल केले पाहिजे. गाडीतला मिश्र कचरा शहराच्या ईशान्येस जवाहरनगरकडे जाऊ लागला. तेथील टेकाडातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने मलकाराम तलाव नासला, अशी तेथील रहिवाशांची दीर्घकाळची तक्रार होती. काचीगुड्यातून तो तलाव दिसत नाही. परंतु आपल्या ओट्यावरून निघालेली वाट तेथपर्यंत जाते. दुसरी वाट मुशीराबादजवळच्या भोलकपूरकडे. भंगार आणि रद्दीची गोदामे, दाट वस्ती, अरुंद गल्ल्या. २००९ च्या मे महिन्यात तेथे दूषित पाण्याने माणसे दगावली. त्या दुर्घटनेचे दायित्व कोणावर, हा वेगळा विषय. आम्ही इतकेच म्हणतो, की शहराच्या जुन्या वस्तू ज्यांच्या दारी जातात, त्यांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचीही चौकशी शहराने करावी.

आता, काचीगुड्यातील गृहस्थाने काय कोठे द्यावे, हे थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्रे, वह्या, पुठ्ठे, बाटल्या आणि धातू यांच्यासाठी फेरीवाला व कोपऱ्यावरचे रद्दीचे दुकान ही आजही उत्तम सोय आहे. अट एवढीच की कागद कोरडा असावा आणि बाटली विसळलेली असावी. वाचून झालेली पुस्तके रद्दीत देण्यापूर्वी मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारावे. अन्यथा रविवारी कोठी आणि आबिड्सच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचा जो बाजार भरतो, तेथील विक्रेते ती घेतात. घरातले जुने सामान विकावयाचे तर पुरान्या पुलाकडील जुमेरात बाजार आहे. गुरुवारी तेथे दरवाज्याच्या कडीपासून घड्याळापर्यंत सर्व काही दुसरा जन्म घेते. कपडे, पादत्राणे, खेळणी यांसाठी २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने देशभरातील शहरांत संकलनकेंद्रे उघडविली होती. आपल्या विभागात असे केंद्र चालू आहे की नाही, हे नगरसेवकाला विचारावे. विजेऱ्या, भ्रमणध्वनी, संगणक यांच्या बाबतीत २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवरच जबाबदारी टाकली. म्हणून त्या भंगारात न देता अधिकृत संकलकाकडे द्याव्या. तांब्याच्या लोभाने उघड्यावर तारा जाळणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. पाऱ्याच्या नळ्या, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे यांविषयी २०१६ च्या नियमांनी फार नेमकी आज्ञा केली होती : दर २० चौरस किलोमीटरांस, किंवा त्याच्या भागास, घातक कचऱ्याचे एक जमा-केंद्र. 'आमचे केंद्र कोठे आहे?' असा एक ओळीचा लेखी अर्ज काचीगुड्यातील शंभर घरांनी केला असता, तर ती आज्ञा कागदावर राहिली नसती. नियमांची भाषा पुढेही बदलत राहील. अर्ज करणारा नागरिक मात्र हवाच.

शेवटी एक विषय उरतो, आणि तो देवळाशी संबंध असलेल्या आपणां सर्वांचा आहे. देवादिकांच्या जुन्या तसबिरी, खंडित मूर्ती, फाटक्या पोथ्या, लग्नपत्रिकांवरचे गणपती यांचे काय करावे? रद्दीवाल्यास देण्यास मन धजत नाही. म्हणून लोक अंधार पडल्यावर त्या एखाद्या पिंपळाच्या पारावर ठेवून येतात. काच फुटते, चौकटीचे खिळे निघतात, पावसात रंग ओघळतात, कुत्री हुंगतात. ज्यांची वर्षानुवर्षे पूजा केली, त्यांना अशा रीतीने सोडून येण्यात भक्ती नाही आणि शुचिताही नाही. नाशिकला आमच्याच व्यवसायातील एका भगिनींनी २०१९ पासून 'संपूर्णम्' या नावाने कार्य आरंभिले आहे. अशा तसबिरी व मूर्ती गोळा कराव्या, विधिपूर्वक उत्तरपूजा करावी, आणि मग काच, लाकूड, कागद निरनिराळे करून पुन्हा उपयोगात आणावे. शास्त्राच्या दृष्टीनेही यात अडचण दिसत नाही. उत्तरपूजेने देवत्वाचे विसर्जन झाले, की मागे उरते ते द्रव्य. आणि द्रव्याचा सदुपयोग हा धर्मच आहे. देवळाच्या बाबतीत आपण 'जीर्णोद्धार' हा शब्द किती आदराने उच्चारतो! जीर्ण झाले म्हणून मोडून फेकावयाचे नाही, त्याचा उद्धार करावयाचा. मंदिराच्या शिखरास जो न्याय, तोच घरातल्या तसबिरीस का नसावा?

आमची सूचना साधी आहे. आपल्या देवळाने महिन्यातील एक दिवस ठरवावा. त्या दिवशी तसबिरी आणि पोथ्या तेथे स्वीकाराव्या, उत्तरपूजा एकत्र व्हावी. निर्माल्य रोजच वेगळे ठेवून त्याचे खत करावे आणि ते देवळाच्या तुळशीला घालावे. सूचनांच्या फळ्यावर, उत्सवाच्या कार्यक्रमाशेजारी, कोणती जुनी वस्तू कोठे द्यावी याची यादी पत्त्यांसह लावावी आणि दर तीन महिन्यांनी ती तपासावी. आणि जे हात या वस्तू घेऊन जातात, त्यांना महाप्रसादाच्या पंगतीत, शेवटच्या नव्हे तर पहिल्या पंगतीत, पान मांडावे. तेवढे झाले तरी उंबऱ्याबाहेरून ओतलेल्या पाण्याचे ऋण थोडेसे फिटेल.

आमच्या घरी आता काच फुटली, तर तुकडे जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहिले जाते; मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत. ती बाई वाचू शकत नाही. म्हणून आमच्या घरातील कोणीतरी जिना उतरून तो पुडा तिच्या हाती देतो आणि सांगतो. गच्चीवरच्या तेलुगू बाई आज हयात नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र जिना उतरताना हटकून आठवतो.